घट एका अंगाला जातो

गार्डन रीच, कलकत्ता
दि. २० फेब्रुवारी १९५५

चि. सौ. कालिंदीस दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम. आप्पांचं वर्षश्राद्ध परवा पार पडलं. इथले आपले गुरुदत्तभटजी मंत्र इतक्या वेगानं म्हणतात की आप्पा पितरांत गेले ते मेल गाडीनं गेले, मधली स्टेशनं घेतलीच नाहीत. रेल्वेत नोकरी करणाऱ्या मुलाच्या बापाला एवढी सोय हवीच. तीन ठिकाणी विभक्ती चुकली. आप्पा खरोखरच जवळपास असते तर पिंड बाजूला सारून त्यांनी ती दुरुस्त केली असती. त्या अर्थी ते पोहोचले असावेत.

दुसरी बातमी म्हणजे माझ्या बोटांची पेरं आखडू लागली आहेत. आमच्या डॉक्टरांनी बोटं हलती ठेवायला सांगितलं. पेटी वाजवा नाहीतर कणीक मळा, म्हणाले. मी पेटी घेतली तर शेजारचे बदलीचा अर्ज करतील, आणि कणकेला सरला हात लावू देत नाही. तेव्हा तिसरा मार्ग काढला आहे. हसू नकोस. ऑफिसच्या मागच्या फाटकातून नदीकडे जाताना कुंभारांची चार घरं लागतात. इकडे चहा मातीच्या पेल्यातून पितात आणि पिऊन झाला की पेला फोडून टाकतात. त्यातल्या हरिपद पाल नावाच्या म्हाताऱ्याशी माझी ओळख झाली आणि गेल्या रविवारी मी त्याच्या चाकाशी बसलो.

चौतीस वर्षांनी बसलो. बसलो म्हणजे उकिडवा बसलो, हे पहिलं आश्चर्य. चाक तसंच आहे, जमिनीबरोबर, काठीनं फिरवायचं. पंधराव्या वर्षी कऱ्हाडच्या कुंभारवाड्यात तात्या कुंभाराच्या चाकावर मी लहानसं मडकं सहज काढत असे, हे तुला आठवत असेल. त्याच वेळी घरी आप्पा मला न्यायशास्त्र शिकवत होते. त्या शास्त्रात दर दुसऱ्या वाक्यात घट आहे. घटाचं कारण माती, घटाचं कारण काठी, चाक, कुंभार. आणि माती वाहून आणणारं गाढव मात्र कारण नव्हे, ते आपलं उगाच मध्ये आलेलं. दहा वर्षं मी घट पाठ केला. रविवारी चाकाशी बसल्यावर कळलं की एवढ्या सगळ्यात आपली जागा गाढवाची.

गोळा ठेवला, चाक फिरवलं, अंगठा घातला, आणि मातीनं कोपरापर्यंत चिखल भिरकावून मला ओळख दिली. हरिपदनं पुसायला फडकं पुढे केलं. त्याच्या दारातली बकरी मात्र उठून उभी राहिली.

हे खूळ कुठून आलं म्हणशील तर खरं कारण सांगतो. गेल्या वर्षी आप्पांना घाटावर नेलं तेव्हा तुम्ही माझ्या खांद्याला जे मडकं दिलंत ते कुठून आणलं होतंत? एका अंगाला कललेलं, एकीकडची भिंत जाड, दुसरीकडची पापुद्र्यासारखी. भटजींनी भोक पाडण्याआधीच पाणी माझ्या पाठीवर. पहिल्या फेरीतच मी भिजलो. बाप चितेवर आहे आणि मुलाच्या मनात काय, तर हल्लीच्या कुंभारांना मडकं येत नाही, याहून बरं तर मी करीन. पाप असेल तर असो. ते मनातून जात नाही.

भालचंद्ररावांना नमस्कार. दम्याला जपावं. तुझं अक्षर पत्रागणिक मोठं होत चाललंय, त्यात मजकूर कमी मावतो, तेवढं पाहावं. लोभ आहेच, तो आवळू नये.

तुझा,
मनोहर


कऱ्हाड
दि. ४ मार्च १९५५

तीर्थस्वरूप दादास कालिंदीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोहोचलं. अक्षर मोठं आहे कारण वहिनींसारखा मला चष्मा कोणी आणून देत नाही. इकडच्या स्वारीला तुझं पत्र वाचून दाखवलं. गाढवाच्या जागी स्वारी इतकी हसली की दमा उसळला. तेव्हा पुढच्या पत्रात विनोद बेतानं घाल.

पेरं आखडली म्हणून कोणी चाकावर बसत नाही, दादा. डॉक्टरांचं नाव सांगून तू लहानपणीही शाळा बुडवायचास. त्या दिवसाची मला अजून आठवण आहे. मी आठ वर्षांची. तू कुंभारवाड्यातून परटाच्या टोपलीत मडकी घेऊन मागच्या दारानं आलास. बारा होती, मी मोजली होती. आप्पा नेमके विहिरीवर. त्यांनी काही विचारलं नाही, एकेक घेतलं आणि मागच्या पायरीवर फोडलं. ओरडलेही नाहीत. प्रत्येक मडक्यामागे, ज्यानं घट जाणायचा त्यानं घट करायचा नसतो, असलं काहीतरी संस्कृतात म्हणत होते. तू उभा. अकरावं फुटल्यावर तू निघून गेलास आणि दुसऱ्या वर्षी काशीला गेलास.

वैशाखात अक्षय्य तृतीया आहे. आप्पा आता पितरांत जमा, म्हणजे त्यांच्या नावानं पाण्याचा घडा तुलाच द्यायचा आहे. मला नाही म्हणू नकोस, मी तुझी बहीण आहे. ज्या बापानं मडकी फोडली त्यालाच आपल्या हातचं मडकं द्यायचं, ते त्याला तिकडे फोडताही येऊ नये, असा तुझा डाव आहे. बरोबर ना? मला तर आवडला.

एक मात्र मागणं आहे. घाटावरच्या त्या मडक्याला नावं ठेवू नकोस. का, ते विचारू नकोस.

वहिनींना नमस्कार, भाची आशाला आशीर्वाद. तिला म्हणावं मराठीत पत्र लिही, बंगाली मासे घालून का होईना. कृपा असावी, ती पोस्टात गहाळ होऊ नये.

तुझी,
कालिंदी


गार्डन रीच
दि. २८ मार्च १९५५

सौ. वन्संना सरलाचा सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या दादांना न सांगता लिहिते आहे. त्यांची पत्रं मी वाचते. त्यांत रविवारचं वर्णन जेवढं असतं त्याच्या अडीचपट घडलेलं असतं. म्हणून म्हटलं, आपणच कळवावं.

तुमचं म्हणणं खरं निघालं. तुमचं पत्र आल्यावर तिसऱ्या दिवशी पंचांग काढून बसले. त्या दिवसापासून घरात पेरांचं नाव नाही, सगळी भाषा घड्याची. दर रविवारी सकाळी धोतराचा काचा मारून निघतात. एकदा आशाला घेऊन मी मागाहून गेले. हरिपदच्या बायकोनं आम्हाला ओट्यावर बसवलं आणि चहा दिला. चाकाशी स्वारी उकिडवी बसलेली, कपाळावर माती, आणि तोंडानं काहीतरी श्लोक. हरिपद म्हणाला की पंडितमोशाय, म्हणजे आपले पंडितमहाशय, मंत्र म्हणतात तोवर माती ऐकते, मंत्र संपला की ती आपलं खरं करते. त्याचं सांगणं एवढंच की यांना घाई आहे. माती चाकाच्या मध्यावर यायच्या आत हे अंगठा घालतात. तिचं डुलणं थांबलेलं नसतं. मग एक भिंत जाड, एक पातळ, आणि मडकं वर येताना एका अंगाला जातं. घरी येताना मीही त्यांना तेच सांगितलं तर म्हणाले, हे तात्या कुंभारानंही सांगितलं होतं आणि त्याचंही मी ऐकलं नव्हतं.

उठताना तर गंमतच. गुडघे धरले. हरिपद आणि त्याचा भाऊ दोन्हीकडून धरून उभे करतात. मग हे धोतर झटकून, जणू सभा संपली अशा थाटानं निघतात.

पण वन्सं, एक खरं सांगते. गेली वीस वर्षं हे ऑफिसातून येतात, पान लावतात, पेपरातल्या चुका काढतात. रविवारी चिखलानं भरून येतात तेव्हा न्हाणीघरात गुणगुणतात. मला हे आधी माहीत असतं तर लग्नातच एक चाक मागून घेतलं असतं.

भीती एवढीच की मडकं झालं नाही तर काय? बाजारातून आणा म्हटलं तर माझ्याकडे असं पाहतात की जणू मी श्राद्धाला बाजारचा लाडू वाढला. आप्पांना मी जे देईन ते माझं असेल, नाहीतर काही नसेल, असं म्हणतात. मला वाटतं, हे आप्पांना देणं नाही, हे आप्पांशी भांडण आहे; फक्त समोरचा माणूस उठून गेलाय.

तुम्ही आल्याच्या वड्या पाठवल्यात त्या आशानं एका बैठकीत खाल्ल्या. माया आहे ती तशीच राहू द्यावी.

आपली,
सरला


गार्डन रीच
दि. ११ एप्रिल १९५५

चि. सौ. कालिंदीस अनेक आशीर्वाद.

काल विजय झाला. सावकाश वाच.

मागच्या रविवारी एक झालं होतं पण कललेलं; बघवेना म्हणून हरिपदला सांगितलं की पुन्हा भिजवणाच्या खड्ड्यात टाक. काल मात्र ठरवलं होतं की अंगठा घालायचा नाही. गोळा ठेवला, दोन्ही तळवे लावले आणि बसलो. चाक फिरतंय, माती डुलतेय, हात डुलतायत. मी मनातल्या मनात विभक्तिरूपं म्हणायला लागलो होतो, तीही सोडली. मग एका क्षणी हात थांबले. चाक फिरतच होतं, माती फिरत होती, पण हातांखाली काहीच हलत नव्हतं. डोळे मिटायला लावून कोणी विचारलं असतं तर चाक उभं आहे असंच मी सांगितलं असतं. तेव्हा अंगठा घातला. कालिंदी, भिंत आपोआप वर आली, दोन बोटांमधून, ओली आणि सारखी. चौतीस वर्षांनी. पेरंसुद्धा दुखली नाहीत, त्या डॉक्टरला कळवायला हवं.

एक नव्हे, दोन काढली. दुसरं पहिल्याहून सुबक. हरिपदनं दोरा पुढे केला, चाकावरून कापून घ्या म्हणाला. मी म्हटलं, नाही. आता हात आला आहे, तर आप्पांचं मडकं याहून चांगलं होईल. पुढच्या रविवारी, सतरा तारखेला, मन लावून काढीन. ऊन असं आहे की चार दिवसांत वाळेल, आठवड्याच्या शेवटी आवा, म्हणजे भाजायची भट्टी, लागेल, तृतीयेला तयार. असं म्हणून मी दोन्ही मडकी माझ्या हातांनी दाबून पुन्हा गोळा केला. हरिपदची बायको चुकचुकली. न्यायशास्त्रात घट होण्याआधी त्याचा एक अभाव असतो आणि फुटल्यावर दुसरा अभाव असतो. माझे घट पहिल्या अभावातून दुसऱ्यात थेट जातात, मध्ये थांबत नाहीत.

निघताना हरिपद म्हणाला, बोशेखात चाक बंद. मी म्हटलं, ते मला ठाऊक आहे, वैशाखाला अजून बारा दिवस आहेत, चैत्री अमावास्या बावीसला. तो माझ्याकडे जरा बघत राहिला. पंडितमोशायना पंचांग कळतं यावर त्याचा विश्वास असल्यानं पुढे काही बोलला नाही.

सरला म्हणते की तू तिला पत्रं पाठवतेस आणि ती मला दाखवत नाही. बायकांचं हे राजकारण मी जाणून आहे. अधूनमधून माझी बाजूही ऐकत जावी, एवढी विनंती.

तुझा,
मनोहर


गार्डन रीच
दि. १८ एप्रिल १९५५

चि. सौ. कालिंदीस आशीर्वाद.

तुझा भाऊ महामूर्ख आहे. तुला हे आठव्या वर्षापासून माहीत आहे, पण आता लेखी घे.

काल सकाळी गेलो. हरिपदचं अंगण झाडलेलं, शेणानं सारवलेलं. चाक थांबलेलं, आणि चाकाच्या बरोबर मधोमध मातीचा शंकर बसवलेला, त्याच्यावर बेलपत्र. हरिपद सोवळ्यासारखा धुतलेला पंचा नेसून बसलेला. मला म्हणाला, बोशेख. मी म्हटलं, अजून पाच दिवस आहेत. त्यानं भिंतीवरचं बंगाली कॅलेंडर दाखवलं. यांचा बोशेख शुक्रवारीच लागला. यांचे महिने सूर्याच्या चालीनं, आपले चंद्राच्या. शब्द तोच, उच्चारही जवळजवळ तोच, महिने निराळे. हे मला माहीत नाही असं नाही. आशा शाळेत असताना तिला मीच समजावून सांगितलं होतं. वैशाखभर इथल्या कुंभारांच्या चाकावर महादेव बसतो आणि चाक फिरत नाही, हेही कोणीतरी पूर्वी सांगितलं होतं. पण कऱ्हाडच्या पंचांगानं मी कलकत्त्याच्या कुंभाराला वैशाख शिकवला. शास्त्र्याच्या मुलाखेरीज ही चूक दुसऱ्या कोणाला जमली नसती.

महादेवाला उठवा असं म्हणणं शक्य नव्हतं. त्यानं मला मध्यभागी, डुलणं पार थांबलेल्या ठिकाणी बसून दाखवलं होतं. मी नमस्कार केला.

हरिपदनं आपल्या साठ्यातले सहा घडे पुढे मांडले, नदीच्या पाण्यासारखे गुळगुळीत. कुठलाही घ्या म्हणाला. मी नको म्हटलं. मग तो जरा चुळबुळला आणि सांगितलं की मागच्या मागच्या रविवारचं ते कललेलं मडकं त्यानं खड्ड्यात टाकलंच नव्हतं. वाळवून, चैत्रातल्या शेवटच्या आव्यात भाजूनही घेतलं. का, असं विचारलं तर म्हणाला, बकरीला पाणी पाजायला. रुंद बुडाचं आहे, तोंड एका बाजूला झुकलंय, तिला सोयीचं पडेल.

आता प्रश्न असा की बकरीनं त्यात तोंड घातलं आहे की नाही. हरिपद म्हणतो, नाही, महिनाअखेरीस देणार होतो, कोरं आहे. त्याची बायको म्हणते, नाही. बकरी मात्र माझ्या हातात मडकं पाहून हक्क सांगितल्यासारखी ओरडली. सरला म्हणते की हा पुरावा ग्राह्य नाही, बकऱ्या सगळ्यांनाच तसं ओरडतात. मी ते घरी आणलं आहे. परसात ठेवलंय. त्याच्याकडे पाहवत नाही.

काय करू, ते लिही. उलट टपाली लिहिलंस तरी वेळेवर येणार नाही, म्हणजे मला हवं तेच करायला मोकळीक आहे.

मनोहर


गार्डन रीच
दि. २७ एप्रिल १९५५

सौ. वन्संना सरलाचा नमस्कार.

दिलं. तेच मडकं दिलं. तुमचे दादा ते तुम्हाला लिहिणार नाहीत, म्हणून मी.

आदल्या दिवशी धुऊन पाणी भरून ठेवलं तेव्हा बाहेरून जरा ओलसर झालं. नवं मडकं पाझरतंच, असं मी म्हटलं. सकाळी वाळा घातला, वर आंबा, शेजारी पंचा. गुरुदत्तभटजींनी मडक्याकडे एकदा पाहिलं आणि हे कुठलं, असं विचारलं. तुमचे दादा म्हणाले, घरचं. भटजी म्हणाले, कललंय. दादा म्हणाले, हो. एवढंच संभाषण. संकल्प सोडला, आप्पांचं नाव गोत्र घेतलं आणि पाणी सोडताना यांचा आवाज एका शब्दावर अडला. विभक्ती चुकली असेल म्हणून मी दुसरीकडे पाहिलं.

इतक्यात पाटावर पाणी दिसू लागलं. पातळ भिंतीकडून बारीक धार. सगळे बघताहेत. तेव्हा आमच्या आशानं आपल्या मराठीत सांगितलं की बघा, आजोबा पाणी खातायत. बंगालीत पाणी खातातच, तिचं काही चुकलं नाही. पण हे जे हसायला लागले वन्सं, ते डोळे पुसून पुसून हसले. श्राद्धाच्या पाटावर बसून. भटजींनाही हसू आवरेना.

पुढे भटजी मडकं मांडीवर घेऊन हातरिक्षात बसून घरी गेले. काल मुद्दाम सांगायला आले की धर्मतल्ल्यापर्यंत धोतर पार भिजलं. रिक्षावाल्यानं एकदा मागे वळून पाहिलं आणि नंतर मुक्कामापर्यंत पुन्हा पाहिलं नाही. पुढच्या वर्षी तांब्या द्या म्हणतात.

भटजी गेल्यावर हे परसात बसले. मडकं ठेवलं होतं तिथे ओल्या मातीत गोल ठसा उरलाय, त्याकडे बघत. म्हणाले, सरला, आप्पांनी ते नक्की फोडलं असतं. आणि मग म्हणाले, फोडावं असंच होतं. तेव्हापासून चाकाचं नाव काढत नाहीत. आता तुम्हीच काहीतरी लिहा. माझ्या सांगण्याला घरचं वजन. तुमच्या सांगण्याला टपालाचं हशील तरी पडतं.

आपली,
सरला


कऱ्हाड
दि. ६ मे १९५५

ती. दादास कालिंदीचा नमस्कार.

वहिनींचं पत्र आलं. आता मी सांगते ते नीट बसून वाच. उकिडवा नको, खुर्चीवर.

बारा मडकी होती आणि आप्पांनी अकरा फोडली. बारावं मी परकराखाली घेतलं होतं. दोन दिवस भातुकलीत वापरलं. तिसऱ्या दिवशी आप्पांनी पाहिलं. मला वाटलं आता फुटतंय. त्यांनी ते हातात फिरवलं, आत पाहिलं, आणि ओसरीवर जिथे ते विद्यार्थ्यांना शिकवत तिथल्या फळीवर ठेवलं.

तू काशीला गेल्यावर वर्षभरात ते त्यांच्या पाठात आलं. मी दाराआडून ऐकायची. तुमच्या शास्त्रात घटाची ओळख शंखासारखी मान अशी सांगितलीय ना? आप्पा ते मडकं पुढे ठेवत आणि विचारत, याला शंखासारखी मान आहे का? पोरं म्हणत, नाही, वाकडी आहे. मग हा घट आहे की नाही? पोरं दिवसभर भांडत. आणि निर्णय दर वर्षी एकच. हा घटच आहे, कारण करणाऱ्यानं तो घट म्हणून केला. ओळख चुकलीय, घट चुकलेला नाही. तीस वर्षं या गावातली सगळी शास्त्री मंडळी घट शिकली ती तुझ्या मडक्यावर. तू सुट्टीला येणार असलास की मला हाक मारून ते पोथ्यांच्या मागे ठेवायला लावत. एकदा विचारलं तर म्हणाले, त्याला कळलं तर पुन्हा कुंभारवाड्यात जाऊन बसेल.

आणि शेवटच्या आठवड्यात, तू कलकत्त्याहून येऊन पोहोचलास त्याच्या आदल्या दिवशी, मला म्हणाले की माझ्या वेळेला नवं मडकं आणू नका. फळीवरचं घ्या. त्याला भोक पाडायचाही त्रास नाही, ते आपलं आपण गळतं.

मी ते फळीवरून काढून बाहेर दिलं, दादा. तू खांद्यावर घेतलंस. मी दारात उभी होते, मला वाटलं तू ओळखशील. तू ओळखलं नाहीस, आणि नंतर वर्षभर त्याला शिव्या घालत राहिलास, म्हणून सांगायचा धीर झाला नाही. आता तसलंच आणखी एक करून बापाला देऊन बसलायस, तेव्हा सांगायला हरकत नाही. अकरा त्यांनी फोडली, बारावं तू फोडलंस. फिटंफाट झाली.

इकडची स्वारी म्हणते की तेरावं करा. मीही तेच म्हणते. पत्र मोठं झालं, अक्षर लहान केलंय. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
कालिंदी


गार्डन रीच
दि. २३ मे १९५५

चि. सौ. कालिंदीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळून दहा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, त्याला कारण नाही.

घाटावरच्या मडक्याबद्दल मी जे जे लिहिलं ते मागे घेतो. हल्लीच्या कुंभारांची माफी मागतो. तो कुंभार हल्लीचा नव्हता, पंधरा वर्षांचा होता आणि त्याला घाई होती.

महादेव चाकावरून उतरला. कधी, ते या वेळी हरिपदला विचारून घेतलं. काल जाऊन बसलो. बकरीनं ओळख दाखवली नाही. मडक्याचा राग असावा. गोळा ठेवला, तळवे लावले. माती डुलायची थांबली. मी तसाच बसून राहिलो, हात लावून, चाक फिरतंय. किती वेळ ते ठाऊक नाही. शेवटी हरिपदलाच म्हणावं लागलं की पंडितमोशाय, केव्हाची मध्यावर आलीय, आता अंगठा घाला.

तुझा,
मनोहर